मँचेस्टरचा काळा पडदा

आमच्या हापिसात गेल्या काही वर्षांत एक साथ आली आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला ओळखपत्र मिळतं, दुसऱ्या दिवशी कॉफीचं मशीन कुठे आहे ते कळतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या संगणकाचा अख्खा पडदा काळाकुट्ट होतो. डेस्कटॉप काळा, मेल काळी, कोड लिहायची खिडकी काळी, मीटिंगचं वेळापत्रकसुद्धा काळं! 'डार्क मोड' म्हणतात याला, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्या फोनमध्येही तो बसलेला आहे. मी एकाला सहज विचारलं, बाबा रे, हे कशासाठी? तो म्हणाला, डोळ्यांना बरं. शेजारची म्हणाली, बॅटरी वाचते. तिसऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, भारी दिसतं!

तिसऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दोन उत्तरांनी माझ्या डोक्यात भुंगा सोडला. शिवाय या पोरांच्या बोलण्यावरून असं वाटत होतं, की काळा पडदा ही गेल्या पाच-सात वर्षांतली फॅशन आहे. आणि ते हे बोलत होते मँचेस्टरमध्ये बसून! म्हणजे देहूत उभं राहून अभंग म्हणजे काय असतं हो, असं विचारण्यासारखं झालं.

तर मंडळी, गोष्ट १९४८ सालची आहे.

मँचेस्टर विद्यापीठ ऑक्सफर्ड रोडवर आहे. (हो, ऑक्सफर्ड रोड मँचेस्टरला आहे. आपल्याकडे नाही का पुण्यात सातारा रोड, तसंच.) युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. फ्रेडरिक विल्यम्स हा प्राध्यापक इथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात आला होता. माणूस इथलाच, स्टॉकपोर्टजवळच्या रोमिली गावचा. युद्धकाळ त्यानं मॉल्व्हर्नच्या सरकारी संशोधन केंद्रात रडारवर काम करण्यात घालवला होता. तिथलाच टॉम किलबर्न नावाचा तरुण गणिती त्यानं बरोबर आणला, आणि पुढे जेफ टूटिल येऊन मिळाला. हे त्रिकूट ज्या यंत्राच्या मागे लागलं होतं त्याचं अधिकृत नाव भलतंच लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'बेबी' म्हणत. बेबी कसली! पाच मीटरहून लांब, दोन मीटरहून उंच, वजन टनाच्या आसपास आणि पोटात ५५० व्हॉल्व्ह. आपल्या जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह. वीज साडेतीन किलोवॅट, म्हणजे दोन-तीन गिझर एका वेळी लावल्यासारखं.

त्या काळी मोजणी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं होती, पण त्यांना नवीन काम द्यायचं म्हणजे तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. आज्ञा आणि आकडे दोन्ही यंत्राच्या पोटातच ठेवता आले तर ही कटकट संपेल, हे सगळ्यांना कळलं होतं. घोडं अडलं होतं ते 'ठेवायचं कशात' यावर. झटकन लिहिता येईल आणि झटकन वाचता येईल अशी मेमरीच कुणाकडे नव्हती.

विल्यम्सनं ती रडारच्या पडद्यात शोधली.

रडारची नळी म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची थोरली बहीण. मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि समोरच्या काचेच्या आतल्या लेपावर आपटतो. तो आपटला की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. दुसरी म्हणजे तिथे विद्युतभाराचा एक छोटासा खळगा पडतो. युद्धभर हजारो लोक त्या नळ्यांसमोर बसून उजेडाचे ठिपके पाहत होते, कारण ठिपका म्हणजे विमान. विल्यम्सला त्या खळग्यात रस होता. खळगा एका प्रकारचा असेल तर शून्य समजायचं, दुसऱ्या प्रकारचा असेल तर एक. झाली मेमरी! अडचण एवढीच, की तो खळगा सेकंदाच्या काही अंशात बुजून जातो. मग काय करायचं? बुजायच्या आत वाचायचा आणि पुन्हा पाडायचा. पुन्हा वाचायचा, पुन्हा पाडायचा. रांगोळी वाऱ्यानं उडते म्हणून कुणीतरी सतत तिच्यावरून हात फिरवत बसावं, तसं. (गंमत म्हणजे आज तुमच्या-माझ्या संगणकातली मेमरीसुद्धा अशीच सतत ताजी करत राहावी लागते. फक्त नळी गेली आणि चिप आली.)

आता इथे एक मजेदार भानगड होती. तो खळगा वाचण्यासाठी काचेला बाहेरून धातूचा पत्रा चिकटवावा लागे. शिवाय बाहेरच्या विजेचा त्रास होऊ नये म्हणून अख्खी नळी पोलादी पेटीत बंद करावी लागे. म्हणजे आत ठिपके चमकत होते, पण ते कुणालाही दिसत नव्हते! हिशेबाच्या दृष्टीनं तो उजेड निव्वळ वाया गेलेला माल होता. तूप कढवल्यावर बेरी उरते, तसा. मग आत काय चाललं आहे हे माणसाला कळण्यासाठी आणखी एक नळी लावली. तिच्यात काही साठवायचं नव्हतं. मेमरीच्या नळीत जे असेल त्याची हुबेहूब नक्कल तिनं उघड्यावर दाखवायची. बत्तीस ओळी, एका ओळीत बत्तीस जागा. एकूण १,०२४ ठिपके-रेघा. एवढीच त्या संगणकाची मेमरी, आणि ती सगळीच्या सगळी माणसाला एका नजरेत दिसत होती. असा संगणक पुन्हा फारसा झाला नाही.

काळी काच, आणि तिच्यावर हिरवट उजेडाचे ठिपके. डार्क मोडची वंशावळ काढायची झाली तर मी मूळपुरुष म्हणून या नळीचं नाव घालीन.

२१ जून १९४८ ला बेबीनं पहिली आज्ञावली बिनचूक चालवली. किलबर्ननं लिहिलेली, फक्त १७ आज्ञांची. काम काय, तर दोनचा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४ या संख्येला निःशेष भाग घालणारी (ती स्वतः सोडून) सर्वांत मोठी संख्या शोधा. शाळकरी पोरही सांगेल, निम्मी! १,३१,०७२. पण मुद्दा उत्तराचा नव्हता. यंत्राला भागाकार येत नव्हता, नुसती वजाबाकी येत होती. त्यामुळे ते बिचारं एकेक संख्या घेऊन वजाबाक्या करत खाली उतरत राहिलं, ५२ मिनिटं, सुमारे ३५ लाख क्रिया. विल्यम्सनं पुढे आठवण सांगितली आहे, की आधीच्या प्रयत्नांत ते ठिपके वेड्यासारखे नाचत सुटायचे आणि हाती काही लागायचं नाही. मग एके दिवशी नाच थांबला, आणि उत्तर जिथे असायला हवं तिथे ते चमकत होतं. छापील कागद नाही, कागदी फीत नाही, घंटा नाही. मानवजातीनं असं पहिलं उत्तर काळ्या पडद्यावर वाचलं, तेही द्विमान पद्धतीत आणि उलटं, कारण बेबी एकं स्थान डावीकडे दाखवत असे!

मूळ बेबी मोडीत निघाली. पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९८ मध्ये, जुन्या आकृत्या आणि फोटोंवरून तिची हुबेहूब प्रतिकृती उभी केली गेली. ती इथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे. हे संग्रहालय लिव्हरपूल रोडच्या १८३० सालच्या रेल्वे स्टेशनात वसलेलं आहे, तेव्हा रेल्वेवेड्यांनाही तिथे भरपूर खुराक आहे. मी पाहिली तेव्हा एक निवृत्त इंजिनियर आजोबा ती चालवून दाखवत होते. त्या नळीसमोर उभं राहिल्यावर एक गोष्ट लख्ख कळते. हा काळा रंग कुणी निवडलेला नाही. झोत जिथे पडतो तिथे उजेड, पडत नाही तिथे काहीच नाही. काळा म्हणजे तिथे रंग नव्हता, 'अजून काही लिहिलेलं नाही' एवढाच त्याचा अर्थ होता. अख्खा पडदा पांढरा करायचा तर झोतानं तो इंच इंच सारवून काढायला हवा, आणि तेही डोळ्याला कळायच्या आत पुन:पुन्हा. त्या काळात एवढी चैन कुणाला परवडणार?

इथून पुढे गाडी वेगानं धावली. १९५१ च्या फेब्रुवारीत फेरांटी कंपनीनं बेबीच्या वंशातला विकाऊ संगणक विद्यापीठाला दिला. त्याची पुस्तिका लिहिली ॲलन ट्यूरिंगनं, जो १९४८ मध्येच इथे दाखल झाला होता. क्रिस्टोफर स्ट्रॅची नावाच्या शाळामास्तरानं त्या यंत्राला ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ शिकवला आणि पट चक्क नळीवर दाखवला. मेमरी आणि चित्र एकाच काचेवर!

ही सोबत लवकरच तुटली, आणि ती तुटलेली आपल्या मुंबईत नीट पाहता येत होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूनं भारतात बनवलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव 'टिफ्रॅक' ठेवलं. त्याची मेमरी नळीत नव्हती, तर बारीक चुंबकी मण्यांच्या जाळीत होती. आणि तरीही त्याला नळी होतीच: आलेख आणि अक्षरं माणसाला दाखवायला. म्हणजे मँचेस्टरमध्ये ज्या काचेला 'लक्षात ठेव' म्हणून नोकरीला लावलं होतं, तिला कुलाब्यात फक्त 'दाखव' एवढंच काम उरलं. पोशाख मात्र तोच. काळा.

आमच्या पिढीनं पाहिला तो हाच पोशाख. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजच्या संगणककक्षात चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं, आत जायचो. आत एसीचा गारवा आणि काळ्या पडद्यांवर हिरवी अक्षरं. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपलीकडे तोच काळा पडदा. बँकेत 'सिस्टिम डाऊन आहे' हे वाक्य जन्माला आलं तेही त्याच पडद्यामागून. आयबीएमच्या १९८१ च्या हिरव्या मॉनिटरमधला लेप तर इतका रेंगाळणारा होता, की मजकूर वर सरकला तरी मागे त्याचं भूत क्षणभर राहायचं. हे मुद्दाम केलेलं होतं बरं का. ठिपका लगेच विझला असता तर पडदा लुकलुकला असता. देवनागरीही आधी अशाच पडद्यांवर उमटली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेलं 'जिस्ट' कार्ड संगणकात खोचलं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उजळायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला पाटीची आठवण झाली होती. काळी पाटी, पांढरी पेन्सिल. आपण सगळे आधी पाटीवर शिकलो आणि मग वही हातात आली, नाही का? संगणकानंही तेच केलं.

संगणकाच्या हातात वही दिली ती कॅलिफोर्नियात. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत 'आल्टो' नावाचं यंत्र तयार झालं. पडदा उभा, कागदाच्या आकाराचा, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा, आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं. झेरॉक्स ही कागदाच्या प्रती काढणारी कंपनी! तिला पडदा कागदासारखा हवासा वाटला यात नवल ते काय. पण त्याची किंमत बघा. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब ठेवायला सुमारे ६१ किलोबाइट लागत, आणि यंत्राची एकूण मेमरी होती १२८. जवळजवळ अर्धी मेमरी नुसतं पान रंगवण्यात जायची. बेबीच्या अख्ख्या मेमरीच्या पावणेपाचशे पट जागा एका कोऱ्या कागदाच्या देखाव्यासाठी! ही उधळपट्टी पुढे स्वस्त होत गेली. १९८३ ची ॲपलची लिसा, १९८४ चा मॅकिंटॉश आणि मग विंडोज अशी पांढऱ्याची लाट घरोघर पोचली. १९८० मध्ये बावर आणि कॅव्होनियस या संशोधकांनी प्रयोगानं दाखवलं होतं, की उजळ पडद्यावर काळी अक्षरं वाचताना माणसाच्या चुका कमी होतात. म्हणजे विज्ञानही पांढऱ्याच्या बाजूनं होतं.

काळा पडदा मात्र संपला नाही, तो परसदारी जाऊन बसला. आणि इथे पुन्हा मँचेस्टर येतं! फेब्रुवारी १९९२ मध्ये विद्यापीठाच्या संगणक केंद्रातल्या ओवेन ले ब्लांकनं लिनक्स सुखासुखी बसवता यावं म्हणून फ्लॉपींचा एक संच तयार केला. लिनक्स तेव्हा सहा महिन्यांचंही नव्हतं. 'एमसीसी इंटेरिम' नावाचा तो संच लिनक्सच्या अगदी पहिल्या संचांपैकी एक मानला जातो. त्यात खिडक्या-बिडक्या काही नव्हत्या. फ्लॉपी घाला, की काळ्या पडद्यावर फिकट अक्षरं हजर. सारं जग पांढऱ्याकडे धावत असताना कारागीर मंडळी काळ्यातच काम करत राहिली. आज आमच्या हापिसातली पोरं डार्क मोडला 'भारी' म्हणतात, त्यात या कारागिरीचा दिमाख बराच आहे असा माझा संशय आहे.

बरं, मग पडदा काळा करण्यात एवढं अवघड काय होतं? सेटिंग तर केव्हापासून होती. डेकच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करायची सोय होती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तर तयार रंगसंगतींची यादीच होती. तिच्यात 'ब्लॅक लेदर जॅकेट' नावाची एक, आणि 'हॉटडॉग स्टँड' नावाची लाल-पिवळी एक, जी बघून डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. विंडोज ९५ मध्ये दृष्टी अधू असणाऱ्यांसाठी काळ्या पार्श्वभूमीची ठसठशीत रंगसंगती आली. हे चालायचं, कारण तेव्हाचे प्रोग्रॅम रंग विंडोजलाच विचारून वापरत. 'पार्श्वभूमी कोणती लावू?' असं प्रोग्रॅमनं विचारायचं आणि विंडोजनं सांगायचं. एकत्र कुटुंबासारखं, मीठ-मिरची एका डब्यातून.

मग आलं महाजाल, आणि प्रत्येकानं वेगळी चूल मांडली. वेबपान आपले रंग आपल्याबरोबर घेऊन येऊ लागलं. प्रोग्रॅमही स्वतःची कातडी घालून मिरवू लागले. तुम्ही डेस्कटॉप कितीही काळा करा, पान उघडलं की पांढराशुभ्र झोत तोंडावर. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट पाळलेला नियम: प्रोग्रॅम अक्षरांचा रंग विंडोजला विचारणार आणि पार्श्वभूमी मात्र स्वतःची पांढरी ठेवणार. मग पांढऱ्यावर पांढरं! अक्षरं असून नसल्यासारखी. माझ्यासारख्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही गंमत वाटते. पण ज्याला काळ्याशिवाय वाचताच येत नाही त्याच्या दृष्टीनं त्या पानावर काहीच लिहिलेलं नसतं.

ही फाटाफूट सांधायला पंचवीसएक वर्षं गेली. २०१६ मध्ये विंडोज १० नं ॲपसाठी काळा पर्याय दिला. २०१८ च्या सप्टेंबरात मॅकवर डार्क मोड आला, २०१९ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर. पण माझ्या मते खरं काम त्याच २०१९ मध्ये, कुणाच्या फारसं लक्षात न येता, ब्राउझरमध्ये झालं. सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिघांनीही एक सोय दिली, जिच्यामुळे वेबपानाला 'या घरात काळं आवडतं की पांढरं?' असं पुन्हा विचारता येऊ लागलं. लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉपनं २०२२ च्या मार्चमध्ये अशीच एक सामायिक पसंती आणली. म्हणजे फिरून एकत्र कुटुंब, फक्त आता आग्रह नाही, विनंती.

आता त्या दोन उत्तरांकडे वळू.

'बॅटरी वाचते.' २००७ मध्ये ही हूल एकदा जोरात उठली होती. गूगलचं पान काळं केलं तर वर्षाला ७५० मेगावॅट-तास वीज वाचेल, असा हिशेब एका अमेरिकन लेखकानं मांडला आणि ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनं 'ब्लॅकल' नावाचं काळं शोधपान काढलंसुद्धा. हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबला लागू होता. तिथे काळा म्हणजे झोत बंद. पण तोपर्यंत टेबलांवर एलसीडी आले होते, आणि एलसीडीत मागचा दिवा कायम जळत असतो. काळा रंग म्हणजे त्या दिव्यापुढे ओढलेला पडदा. खिडकीला जाड पडदे लावले म्हणून सूर्याचं इंधन वाचत नाही! गूगलनंच तेव्हा सांगून टाकलं, की यानं वीज वाचणार नाही, कदाचित थोडी जास्तच लागेल.

नव्या फोनमधले ओएलईडी पडदे मात्र बेबीच्या जातीचे आहेत: ठिपका स्वतः पेटतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला. तिथे बचत खरी आहे. पण किती? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजलं, तर उजेड पूर्ण शंभर टक्के ठेवल्यास काळ्यानं ३९ ते ४७ टक्के वीज वाचते, आणि आपण एरवी ठेवतो तसा ३० ते ५० टक्के ठेवला तर सरासरी ३ ते ९ टक्के. बीबीसीच्या संशोधन विभागानं (यांचं एक बिऱ्हाड आमच्या शेजारी सॅलफर्डलाच आहे) वेगळंच पाहिलं. लोकांना लॅपटॉपवर एकच पान काळं आणि पांढरं दाखवलं आणि सांगितलं, बरं वाटेल इतका उजेड तुम्हीच ठेवा. ८० टक्के लोकांनी काळं पान असताना उजेड चांगलाच वाढवला! वाचवायला गेलं आणि खर्च वाढला. महिनाअखेरीला सेलमध्ये गेल्यासारखं.

'डोळ्यांना बरं.' हे उत्तर जास्त अवघड आहे. निरोगी डोळ्याच्या बाबतीत प्रयोग पुन:पुन्हा पांढऱ्याच्याच बाजूनं गेले आहेत. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्कर दोघांवर तपासलं, निकाल तोच. कारण साधं आहे. उजेड जास्त असला की बुबुळातली बाहुली लहान होते, आणि लहान भोकातून प्रतिमा रेखीव पडते. काळ्यापुढे बाहुली मोठी होते आणि उजळ अक्षराच्या कडा फुलतात. आपल्या देवनागरीला हे फार जाचतं. काळ्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'क्ष' आणि 'ष' यांच्या पोटातल्या फटी बुजतात, अनुस्वार रेफाला चिकटतो. काळ्या पानासाठी मराठी टंक जरा बारीक आणि मोठ्या आकाराचा घ्यावा, आणि पांढराशुभ्र न घेता राखाडीकडे झुकणारा घ्यावा, असं माझं स्वतःचं अनुभवानं बनलेलं मत आहे. आणि खोलीतला उजेड? इथे डिसेंबरात पावणेचारच्या पुढे सूर्य मावळतो. अंधाऱ्या खोलीत पांढरा पडदा टोचतो हे खरंच. पण जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, आणि पोरं तेव्हाही काळाच ठेवतात, मग डोळे बारीक करकरून वाचतात!

मात्र काही डोळ्यांना काळा हवाच असतो. अमेरिकेत गॉर्डन लेगे यांच्या चमूनं १९८५ मध्येच दाखवलं होतं, की ज्यांच्या डोळ्यातलं भिंग वगैरे धुरकट झालेलं असतं त्यांना काळ्यावर पांढरं वाचणं सोपं जातं. धुरकट काचेत उजेड विखुरतो. पांढऱ्या पानाचा सगळा उजेड अक्षरांवर पसरतो आणि ती पुसट करतो. पान काळं असलं तर विखुरायला उजेडच थोडा.

हे मला कागदावर ठाऊक होतं. कळलं ते साताऱ्याहून आलेल्या आईच्या फोनमुळे. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टॅबवर रोज बातम्या आणि जुने दिवाळी अंक वाचणारी बाई म्हणाली, "अरे, घाटात समोरून ट्रकचे दिवे यावेत तसं होतंय. अक्षर दिसतच नाही." मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवरून डार्क मोड लावायचा कार्यक्रम झाला. मी इथून सांगतोय, ती तिथून "कुठलं चक्र? दातेरी का?" असं विचारतेय, मध्येच कॅमेऱ्यात नुसतं छत... अर्ध्या तासानं टॅब काळा झाला. ती दोन ओळी मोठ्यानं वाचून गप्प बसली, आणि मग तिनं पूर्ण बातमी वाचून काढली. पाच महिन्यांनी पहिल्यांदा.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "तो पेपर बिघडला बघ, पान रिकामं येतंय." एका ॲपनं पार्श्वभूमी विनंतीप्रमाणे काळी केली होती आणि अक्षरं आपली काळीच ठेवली होती. १९९२ चा तोच प्रकार, उलट्या बाजूनं. मी त्या ॲपवाल्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. तिला दुसरं ॲप घालून दिलं.

गेल्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "भिंती एवढ्या पांढऱ्या आहेत होय!" आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी फर्मान, "तो काळा रंग काढून टाक बरं. रोज निधनवार्ता वाचल्यासारखं वाटतं." डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. तोवर सकाळी पांढरा आणि दिवेलागणीनंतर काळा, असा टॅब आपोआप बदलेल अशी व्यवस्था मी लावून दिली आहे. ती सेटिंग मात्र या वेळी तिनं स्वतः शोधली.